अकरा लढाया आणि एक कपाट

तिसऱ्या मजल्यावरून निघालेला सोफा दुसऱ्याच वळणावर भिंत आणि कठडा यांच्यामध्ये घट्ट रुतून बसला, तेव्हा जिन्यात उभ्या असलेल्या मास्तरांना हसावं लागलं. सोफा त्यांचा होता, आणि तो ज्या पद्धतीनं खाली आणला जात होता ती विद्याही त्यांचीच होती. शिवाय मालवाहतूक कंपनीचे मालक त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. रडायची सोयच नव्हती.

"बघितलंत सर?" मालक म्हणाले. "मुकादम स्वतः पुढं. तुमचा पहिला धडा."

"हो ना," मास्तर म्हणाले आणि आणखी थोडं हसले.

सोफ्याच्या पुढच्या टोकाखाली मुकादम होता, म्हणजे त्याचे फक्त पाय दिसत होते. मागच्या टोकाला लंबू आणि पैलवान होते. एरवी हा मुकादम कशालाही हात लावत नसे. तो वळणावर उभा राहून नुसतं 'हं, जरा तुझ्याकडं, टेक, उभा कर' असं पुटपुटायचा आणि पियानोसुद्धा मांजरासारखा खाली उतरायचा. पण शूर सेनापती सैन्याच्या सगळ्यात पुढं असतो असं मास्तरांनी सांगितलं होतं. त्यामुळे आज मुकादम पुढं होता आणि वळणाकडं बघायला कुणीच नव्हतं.

मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मास्तरीणबाईंच्या शब्दांत सांगायचं तर एकतीस वर्षं रोज दुपारी त्यांनी चाळीस मुलांना वेळेवर झोपवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जगभरातल्या अकरा लढाया निवडल्या. प्रत्येक लढाईत सेनापतीनं काय केलं आणि आपल्यासारख्या माणसांनी त्यातून काय शिकावं, हे त्यांनी दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. नातेवाइकांना वाचून दाखवायला सुरुवात केल्यावर नातेवाइकांचं येणं कमी झालं. मग चार वर्षं ती वही नुसती पडून होती, आणि मास्तर दिवसातून एकदा तिच्यावरची धूळ झटकत होते.

गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्याला नकार दिला म्हणून पहिल्या मजल्यावरचं घर घेतलं, आणि सामान हलवायची तारीख ठरवायला मास्तर कंपनीच्या कचेरीत गेले. तिथं मालक डोक्याला हात लावून बसले होते. आपल्या माणसांत लीडरशिप नाही, असं त्यांना नुकतंच कुठूनतरी कळलं होतं. मास्तर समोरच्या खुर्चीवर बसले आणि दीड तासानं उठले. चार दिवसांनी गोदामाच्या वरच्या खोलीत मास्तरांचा तीन दिवसांचा वर्ग सुरू झाला.

वर्गात चौघंच होते: मुकादम, ड्रायव्हर, लंबू आणि पैलवान. पण काय ऐकायचे. तिसऱ्या लढाईत घोडदळ दलदलीत फसलं तेव्हा पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांत मास्तरांना असा वर्ग मिळाला नव्हता. घरी आल्यावर ते जेवता जेवता गुणगुणत होते, आणि मास्तरीणबाईंनी ते ऐकून मुद्दाम काही म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "सर, कंपनीच्या सात शाखा आहेत. रविवारी तुमचंच घर हलवायचंय. माणसं तुमचे धडे कसे वापरतात ते मी स्वतः येऊन बघतो. जमलं, तर सातही शाखांत तुमचा वर्ग."

मास्तरांना त्या रात्री झोप लागली नाही. आपलं ऐकायला माणसं हवी आहेत, सात गावांत हवी आहेत, ही गोष्ट बासष्टाव्या वर्षी कुणाला झोपू देईल? म्हणून आज ते हसत होते. तक्रार केली तर आपल्याच विद्येची तक्रार झाली असती.

सोफा शेवटी सुटला. येताना त्यानं भिंतीचा वीतभर गिलावा बरोबर आणला. त्याच्यामागून खोकी यायला लागली. ही मंडळी एरवी खोक्याच्या बाजूला जाड पेनानं 'स्वयंपाकघर', 'पुस्तकं', 'काच' असं लिहायची. आज त्यावर 'आघाडी', 'पिछाडी', 'राखीव' असं लिहिलं होतं.

"पैलवान, मीठ-साखर कशात आहे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

पैलवान इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "काकू, ते फक्त मुकादमांना माहीत आहे. सेनापतीची योजना त्याच्या टोपीलासुद्धा कळू द्यायची नाही."

"मुकादम, मीठ-साखर कशात आहे?"

मुकादमानं डोकं खाजवलं. "राखीव सैन्यात असावी, बाई. नाहीतर मग पिछाडीत."

मास्तरीणबाईंनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर हसत होते. त्या खाली गेल्या. मालकांनी मात्र खिशातून डायरी काढून 'गुप्तता: उत्तम' असं लिहून घेतलं.

शेवटचं खोकं खाली गेल्यावर मुकादमानं घराला कुलूप लावलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत चावी लंबूकडं देऊन त्याला घरमालकाकडं पिटाळलं.

"अहो, एकदा सगळ्या खोल्या बघून तरी घेतल्या असत्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बाई, मागचा पूल जाळायचा असतो," मुकादम म्हणाला. हे तो मालकांकडं तोंड करून आणि जरा मोठ्यानंच म्हणाला. "परतीची वाट राहिली की सैन्य मागं बघतं."

"लढाई क्रमांक चार," मालक म्हणाले. त्यांनाही आता पाठ झालं होतं.

मास्तरांनी मान डोलावली. त्याच वेळी आपण काहीतरी विसरतोय असं त्यांना वाटून गेलं, पण काय ते आठवेना. मग मालकांनी त्यांना आपल्या गाडीत बसवलं आणि विषय बदलला.

ड्रायव्हरला नव्या घराचा पत्ता बंद पाकिटात दिलेला होता. ते पाकीट त्यानं चौथ्या सिग्नलला फोडायचं होतं. ट्रकच्या मागं मालकांची गाडी होती. चौथ्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, ट्रक जागचा हलेना, आणि मागं भोंग्यांची रांग लागली. पाकीट डिंकानं चिकटवलेलं होतं आणि ड्रायव्हर ते दातांनी फाडत होता. एकदाचा पत्ता वाचून झाल्यावर, पुढचा मोठा रस्ता समोर दिसत असताना, ट्रक डावीकडच्या बोळात शिरला.

"हा रस्ता नाही," मागच्या सीटवरून मास्तरीणबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर, वहिनी," मालक आनंदानं म्हणाले. "शत्रू समोरून वाट बघतो, आपण मागून जायचं. क्रमांक सात ना, सर?"

"सहा," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

बोळ नव्या इमारतीच्या मागच्या अंगाला निघत होता हे खरं. पण तो सायकलींसाठी होता. इमारतीच्या बरोबर मागं येऊन ट्रक थांबला, कारण पुढं जायला जागाच नव्हती. दोन्ही बाजूंना भिंती इतक्या जवळ होत्या की ड्रायव्हरला दार उघडता येईना. तो आत बसून काचेतून सगळ्यांकडं बघत राहिला. थोड्या वेळानं त्यानं डबा उघडला.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. "सामान मागच्या फळीनं काढा, वळसा घालून पुढच्या दारानं न्या." असं म्हणून त्यांनी नव्या घराची चावी काढायला खिशात हात घातला, आणि मघापासून काय आठवत नव्हतं ते त्यांना आठवलं.

चावी राखाडी शर्टाच्या खिशात होती. राखाडी शर्ट जुन्या घरात न्हाणीघराच्या दारामागं खुंटीला होता. जुन्या घराची चावी घरमालकाकडं होती. लंबू एव्हाना रिक्षानं परत आला होता, आणि त्यानं सांगितलं की घरमालक चावी घेऊन लगेच लेकीकडं गेले, संध्याकाळी सातला येतील.

पूल चांगलाच जळला होता.

"नव्या घराचं कुलूप फोडा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझंच आहे. साधं कुलूप आहे, दोन घावांत तुटेल."

मुकादमाच्या तोंडावर क्षणभर सुटकेचा भाव आला. पण मालकांनी हात वर केला. "वहिनी, पुढच्या दारातून काय कुणीही जाईल. सर, तो कडा चढून मागून किल्ल्यात शिरलेला सेनापती कितव्या लढाईतला?"

मास्तरांना आकडा माहीत होता. तो सांगू नये असंही त्यांना कळत होतं. पण समोर सात शाखा उभ्या होत्या. "नववी," ते म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा, कारण तोंडही त्यांचंच होतं आणि बुक्क्याही त्यांच्याच.

बाल्कनीचं दार रंग वाळावा म्हणून उघडं ठेवलं होतं. लंबू ट्रकच्या टपावर चढला, तिथून कठडा धरून बाल्कनीत गेला. पैलवानालाही वर ओढून घेतलं. दोर खाली आले. पहिल्यांदा दोन खुर्च्या गेल्या, मग चार खोकी गेली, आणि मास्तरांना वाटायला लागलं की कदाचित निभावेलही. मग मुकादमानं मास्तरीणबाईंचं कपाट बांधलं.

हे कपाट शिसवी होतं आणि संसारापेक्षा वयानं मोठं होतं. मास्तरीणबाई नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्या वर्षाच्या पगारातून त्यांनी ते घेतलं होतं. नंतर नवरा झाला, मुलं झाली, चार घरं बदलली, पण त्यावर त्यांनी कुणाचा ओरखडा येऊ दिला नव्हता. ते रिकामं करायला हवं होतं. पण रसद उतरवत बसणारं सैन्य उशिरा पोचतं, ही लढाई क्रमांक दोन, म्हणून ते भरल्या पोटानंच दोराला लागलं.

निम्म्यापर्यंत गेलं. मग बाल्कनीच्या लादीखाली त्याचा वरचा कोपरा अडकला. वर ओढलं तर कोपरा दुखावत होता, खाली सोडलं तर ट्रकची फळी फुटत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी वरच्या दोघांची गत झाली. मुकादम खालून खांदा लावायला धावला, कारण पुढं राहायचं होतं.

तळमजल्यावरच्या खिडकीमागं एक शिंपीणबाई शिवायला बसल्या होत्या. त्यांच्या मशीनवर अचानक अंधार झाला. त्यांनी खिडकी उघडली आणि समोर कपाट बघितलं. कपाटाचं दार तेवढ्यात आपण होऊन उघडलं, आणि मास्तरीणबाईंच्या सतरा साड्या, मास्तरांचा एकुलता एक कोट आणि हिवाळी पांघरुणं एकेक करून त्यांच्या टेबलावर जाऊन पडली.

शिंपीणबाईंनी वरचं पांघरूण उचलून त्याची शिवण बघितली.

"एवढं सगळं उसवायचंय का?" शिंपीणबाईंनी विचारलं. "महिना लागेल. मापं कुणाची घेऊ?"

मालक डायरीत काही लिहायला गेले आणि थांबले. काय लिहावं हे त्यांनाही सुचलं नसावं. मास्तरीणबाई कपाटाखाली, पण जरा बाजूला, उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी वर पाहिलं, मग मास्तरांच्या जवळ आल्या आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, तुम्ही सकाळपासून हसताय का?"

मास्तरांचं हसू गेलं. त्यांना एकदम भयंकर लाज वाटली. आपण सात शाखांसाठी हिचं कपाट टांगलं, आणि ते टांगलेलं बघत हसत उभे आहोत, हे त्यांना लख्ख दिसलं. चार वर्षं वहीवरची धूळ झटकली ती काय यासाठी?

"मुकादम," ते म्हणाले, "माघार घ्या."

"माघार?" मालकांनी डायरी मिटली. "सर, अकरा लढायांत माघार कुठंच नव्हती."

"नव्हती. जिंकलेल्यांच्याच लढाया मी निवडल्या. ती माझी चूक." मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ आला. सातही शाखा डोळ्यांसमोरून एकेक करून जाताना त्यांना दिसत होत्या, पण आता त्यांना थांबवायची इच्छा उरली नव्हती. "मुकादम, मी वर्ग घेण्याआधी तुम्ही हे काम कसं करत होता?"

मुकादमानं कपाटाखालून विचार केला. "कसं म्हणजे काय, सर? नुसतं करत होतो."

"मग नुसतं करा."

मुकादम कपाटाखालून बाहेर आला. त्यानं खांदा चोळला, पाच पावलं मागं गेला, आणि वर बघून म्हणाला, "लंबू, एक वीत सोड. पैलवान, तू धर. हं. फिरव. टेक." कपाट फळीवरच्या घोंगडीवर अलगद उतरलं. मग तो ट्रकच्या मागं जाऊन उभा राहिला, दोन बोटांनी शीळ घालत राहिला, आणि ड्रायव्हर एका हातात पोळी धरून ट्रक उलटा बोळाबाहेर घेऊन गेला. ट्रक पुढच्या रस्त्याला लागला. पैलवानानं हातोडीचे दोन घाव घातले, कुलूप पडलं. मास्तरीणबाईंचा अंदाज बरोबर होता.

पुढचा पाऊण तास मास्तर जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते. मुकादम वळणावर उभा होता आणि जवळजवळ काहीच बोलत नव्हता. लंबू वरून उतरताना रिकामा उतरत नसे, गुंडाळलेल्या घोंगड्या घेऊन येई. पैलवान पोचायच्या आधी ड्रायव्हरनं पुढचं सामान फळीच्या कडेला आणून ठेवलेलं असे. पलंग सुटा होऊन आला आणि जोडला गेला. फ्रिज उभाच्या उभा गेला. कपाट दोनदा वळलं आणि कुठंही न लागता आपल्या भिंतीपाशी पोचलं. साड्या शिंपीणबाईंनी घडी घालूनच दिल्या आणि कोटाचं एक बटण लावून दिलं. या चौघांना आपण तीन दिवस शिकवलं, हे आठवून मास्तरांचे कान गरम झाले.

काम संपलं तसे ते उठले आणि मालकांसमोर जाऊन उभे राहिले. "माझी वही मी परत कपाटावर ठेवतो," ते म्हणाले. "तुमचा वेळ गेला, मला माफ करा."

मालकांच्या डोळ्यांत तेज आलेलं होतं. "सर, कमाल केलीत. आधी त्यांना मुद्दाम चुकू दिलंत. पार गळ्याशी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत, उलट हसत होतात. आणि मग एका शब्दात सगळं फिरवलंत. बारा वर्षं ही माणसं माझ्याकडं आहेत, त्यांना असं काम करताना मी कधी पाहिलं नाही."

"मी काही केलं नाही. हे त्यांना आधीपासूनच येत होतं."

"आणि वर हा नम्रपणा," मालक म्हणाले, आणि सातही शाखांना फोन लावायला बाहेर गेले.

मास्तरांनी मुकादमाकडं पाहिलं. मुकादम घोंगड्या मोजत होता. "सर, ते खरं बोलले," तो हळूच म्हणाला. "त्यांनी कधी पाहिलंच नाही. कामावर आज पहिल्यांदा आलेत."

"मग तुम्ही सकाळपासून हा तमाशा कशाला केलात? तुम्हाला कळत होतं ना, कपाट असं जाणार नाही?"

"सोफासुद्धा तसा जाणार नाही हे कळत होतं." मुकादम जरा ओशाळला. "पण धडे वापरले नाहीत असं साहेबांना वाटलं असतं तर वर्ग बंद झाला असता. आणि तुम्ही हसत होता. आम्हाला वाटलं, तुम्हाला असंच हवंय."

"वर्ग बंद झाला असता तर तुमचं काय बिघडत होतं?"

मुकादमानं घोंगडी खाली ठेवली. "सर, आम्ही लोकांच्या हजारो खुर्च्या उचलल्या असतील. तीन दिवस सलग एका खुर्चीवर बसून गोष्ट ऐकायला मिळाली ती पहिल्यांदाच. पैलवान तर रोज इस्त्रीचा शर्ट घालून येत होता."

मास्तरांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसला. एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात मालक परत आले. "ठरलं, सर. सातही शाखांत वर्ग. दर महिन्याला एक. तीन दिवस गोष्टी आणि चौथ्या दिवशी असंच प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाशिवाय यात दम नाही, हे आज मी डोळ्यांनी पाहिलं."

"अगदी," मास्तर म्हणाले. त्यांचा आनंद आता चेहऱ्यावर मावत नव्हता. "पण प्रात्यक्षिकाला दर महिन्याला घर कुठून आणायचं?"

मालकांनी खोलीभर नजर फिरवली. सोफा, पलंग, फ्रिज, शिसवी कपाट, आणि भिंतीला लावून ठेवलेली आघाडीची, पिछाडीची, राखीव सैन्याची खोकी. "हे आहे की," ते म्हणाले. "सगळं तयारच आहे. माझ्या माणसांनी बांधायचं, खाली न्यायचं, परत वर आणून लावायचं. तुम्हाला काडीचा त्रास नाही."

मास्तरांनी हळूच मास्तरीणबाईंकडं पाहिलं. त्या हातात कात्री घेऊन पहिल्या खोक्याची चिकटपट्टी कापायला बसल्या होत्या. त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं. सकाळचं ते चिकटवलेलं हसू तिथं नव्हतं. हे दुसरंच होतं, आणि त्यांनी ते फार वर्षांनी पाहिलं होतं.

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"मुकादम," त्या म्हणाल्या, "मीठ-साखरेचं तेवढं एक खोकं शोधून द्या. बाकीची सात महिने राहू देत तशीच."